मिनीसंगणकांचा जीर्णोद्धार

साधारण 1960 ते 1980 या दशकांतील, कपाटाएवढे किंवा त्याहून लहान संगणक दुरुस्त करून पुन्हा चालते करणे, यास मिनीसंगणकांचा जीर्णोद्धार म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे पीडीपी-8 (1965) व पीडीपी-11 (1970) आणि डेटा जनरलचा नोव्हा (1969) ही या वर्गातील ठळक यंत्रे होत. भारतात ईसीआयएल (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या सरकारी कंपनीने 1969 मध्ये टीडीसी-12 तयार केला. यांतील सुरुवातीच्या यंत्रांत मायक्रोप्रोसेसर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला प्रोसेसर, नसतो. प्रोसेसर अनेक बोर्डांवर विखुरलेला असल्याने ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) लावून बिघाड एकेका गेटपर्यंत, म्हणजे सर्किटच्या सर्वांत लहान तार्किक घटकापर्यंत, हुडकता येतो, आणि अशी गेट असलेल्या 7400 मालिकेतील बऱ्याच आयसी (चिप) आजही मिळतात.

यंत्र हाती येताच बटण दाबून पाहण्याचा मोह सर्वांत महागात पडतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील (वीज साठवणाऱ्या घटकांतील) ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. एकदम पूर्ण विद्युतदाब (व्होल्टेज) दिल्यास ते फुटू शकतात. म्हणून बोर्ड काढून, पॉवर सप्लायवर मोटारीच्या हेडलाइटच्या बल्बसारखा खोटा भार लावून, डिमरस्टॅटने (विद्युतदाब कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब हळूहळू चढवतात व 5 व्होल्ट स्थिर मिळाल्यावरच बोर्ड बसवतात. वीज वेगाने चालू-बंद करून दाब राखणाऱ्या स्विचिंग सप्लायला मात्र हा उपाय लावू नये, कारण कमी दाबाला तो उलट जास्त करंट ओढतो. बोर्डांच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. खोडरबराने घासल्यास मुलामाच निघून जातो.

नाशिकमध्ये हे काम करताना हवामान ध्यानात घ्यावे लागते. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत यंत्र उघडे ठेवल्यास सॉकेट व कनेक्टर गंजतात, तर उन्हाळ्यातील धूळ डिस्कवर माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला घातक ठरते, कारण हेड आणि फिरती तबकडी यांच्यातील फट धुळीच्या कणापेक्षाही लहान असते. अमेरिकेत वापरलेल्या यंत्रांची आणखी एक अडचण म्हणजे तेथील 60 हर्ट्झ वारंवारतेच्या विजेसाठी बसवलेली मोटर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सहापैकी पाचच भाग वेगाने फिरते. पट्ट्यावर चालणाऱ्या डिस्क ड्राइव्हमध्ये मोटरवरील पुलीचा व्यास 1.2 पट करून हा वेग भरून काढतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टर्नरला अशी पुली लेथवर काढून देणे फारसे अवघड नाही. मूळ सुटा भाग परदेशातून मागवण्यापेक्षा हा मार्ग सोयीचा.

सर्वाधिक जपावी लागते ती कोअर मेमरी, म्हणजे या यंत्रांची चुंबकीय स्मृती. तिच्यातील इवल्या फेराइट कड्या वीज गेल्यावरही आपले चुंबकत्व टिकवतात, त्यामुळे शेवटच्या ऑपरेटरने ठेवलेला प्रोग्रॅम अनेक वर्षांनीही तिच्यात सापडू शकतो. परंतु कोणताही शब्द (मेमरीतील एका वेळी वाचला जाणारा बिटांचा गट) वाचताना तो पुसला जातो आणि सर्किट तो लगेच पुन्हा लिहिते. हे पुनर्लेखन सर्किट बिघडलेले असेल, तर ज्या वाचनात जुना प्रोग्रॅम दिसतो त्याच वाचनात तो नाहीसा होतो.