शुक्राणूंची मोजणी आणि त्यांची परीक्षा

लग्नाला चार-पाच वर्षं होऊन मूल झालं नाही, की आपल्याकडे अजूनही आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. नवऱ्याची साधी वीर्यतपासणीसुद्धा मागे ढकलली जाते आणि हा त्या बाईवर सरळ अन्याय आहे. पण ती तपासणी झाली आणि ‘काउंट नॉर्मल’ आला, तरी शुक्राणूंना आपलं काम जमतं की नाही, हे कळलेलं नसतं.

सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या डच लेवेनहुकने शुक्राणू पाहिले १६७७ मध्ये. त्यांची पद्धतशीर मोजणी रुळली ती मात्र विसाव्या शतकात. १९५१ मध्ये अमेरिकेत मॅक्लिओड आणि गोल्ड यांनी मूल झालेल्या आणि न झालेल्या जोडप्यांतील प्रत्येकी हजार पुरुषांची तुलना केली. मिलिलिटरमागे २ कोटी ही सीमारेषा तिथून पुढे दशकानुदशकं चालली. त्याच वर्षी चँग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की शुक्राणू ताजा असताना स्त्रीबीज फलित करू शकत नाही. स्त्रीच्या जननमार्गात काही तास काढल्यावरच त्याला ती क्षमता येते. म्हणजे फलनाआधी शुक्राणूत बरंच काही घडावं लागतं, आणि त्यातलं काहीच मोजणीत दिसत नाही.

मग कामाचीच परीक्षा घ्यायची कशी? माणसाचं स्त्रीबीज त्यासाठी सहज मिळणारं नव्हतं. १९७६ मध्ये हवाईतील यानागिमाची यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याचं बीज घेतलं आणि त्याचं बाहेरचं कवच विकरांनी विरघळवलं. असं उघडं बीज मानवी शुक्राणूलाही आत घेतं. किती बीजांत शुक्राणू शिरले, हे मोजायचं. कल्पना विलक्षणच होती. पण कवच काढल्यामुळे कवचाला चिकटण्याची आणि ते भेदण्याची परीक्षा राहून जायची, शिवाय प्रयोगशाळेगणिक निकाल बदलायचे. १९८८ मध्ये आलेल्या चाचणीत मानवी बीजाचं कवच अर्धं कापून एका अर्ध्यावर रुग्णाचे, दुसऱ्यावर जननक्षम दात्याचे शुक्राणू सोडत आणि कुठे किती चिकटले ते पाहत. ही पद्धत नेमकी, पण रोजच्या वापराला अवघड होती.

१९९२ मध्ये ब्रसेल्समधून ‘इक्सी’ ही प्रयोगशाळेत फलन घडवण्याची पद्धत आली. सुईने एकच शुक्राणू थेट बीजात सोडायचा. पोहणं, चिकटणं, भेदणं सगळं वगळून. या चाचण्या मागे पडल्या त्या इथे. मला हे खटकतं, कारण दोष शुक्राणूत असला तरी हॉर्मोनची इंजेक्शनं आणि बीज काढण्याची प्रक्रिया बायकोलाच सोसावी लागते.

अलीकडे शुक्राणूतील डीएनए किती तुटला आहे, याची तपासणी पुढे आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तिकेत ती विस्तारित तपासण्यांमध्ये आहे. आणि १९८४ ची एक स्वस्त चाचणी अजून टिकून आहे. कमी क्षारतेच्या द्रावणात ठेवल्यावर ज्या शुक्राणूचं पटल शाबूत असतं, त्यात पाणी शिरून शेपूट फुगते आणि वळते. न हलणाऱ्या शुक्राणूंमधून जिवंत कोणता, हे इक्सीच्या वेळी ओळखायला आज तिचाही उपयोग करतात.