दोरी ओढल्यावर साहेब काय करतो?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद झाला, तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर होती. काही सोमवारी तर इतक्या जणांनी दांडी मारलेली असे की गाड्या जोडायची लाइन सुरू करायला माणसं पुरत नसत. शिफ्टमध्ये दारू चाले, युनियनच्या हजारो तक्रारी निकालाविना पडून असत. कंपनीवरचा राग गाडीवर निघे. कुणी दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली टाकून देई. पुढे गाडीच्या मालकाने खडखडाट कुठून येतो ते शोधत बसावं.

दोन वर्षांनी त्याच शेडमधून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून ‘नुमी’ नावाची कंपनी काढली होती आणि ती चालवायची जबाबदारी टोयोटाकडे होती. कामगार भरताना जुन्यांना प्राधान्य मिळालं. नव्या कारखान्यातले ८० टक्क्यांहून जास्त कामगार जुन्या फ्रीमाँटचेच होते. युनियन तीच, तिचे पुढारीही बरेचसे तेच. यंत्रसामग्रीत डोळे दिपावेत असं काही नव्हतं. तरीही १९८६ पर्यंत उत्पादकता जुन्या फ्रीमाँटच्या दुप्पट झाली, गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि गाड्यांची गुणवत्ता थेट जपानी कारखान्यांशी तुलना करण्याजोगी झाली.

समाजशास्त्राच्या अभ्यासकाला असा प्रयोग हौसेने करता येत नाही. माणसं, गाव, इमारत तशीच ठेवून फक्त व्यवस्थापन बदलून बघायला कोण देणार? नुमीत ते आपसूक घडलं, म्हणून हा कारखाना चाळीस वर्षं अभ्यासला जातोय. ‘कामगारच कामचुकार’ हा कुठल्याही कॅन्टीनमध्ये ऐकू येणारा निष्कर्ष तिथे टिकत नाही.

बदललं काय, ते लाइनच्या बाजूने जाणाऱ्या एका दोरीवरून कळतं. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं हा गुन्हाच होता. बोल्ट तिरका बसला, उलटा भाग लागला, तरी गाडी पुढे सरकायची. दोष नंतर मागच्या अंगणात दुरुस्तीच्या वेळी निस्तरायचा. नुमीत प्रत्येक कामगाराच्या हाताशी ही दोरी आली. अडचण दिसली की ओढायची. ओढली की दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. गाडी आपल्या टप्प्याच्या शेवटाला पोचेपर्यंत, म्हणजे साधारण मिनिटभरात, दोघांना अडचण सोडवता आली तर दोरी पुन्हा ओढायची आणि काम चालू. नाही सुटली तर लाइन थांबते. चाकणच्या कारखान्यांतल्या वाचकांना हा ‘अँडन’, म्हणजे अडचणीचा इशारा देण्याची ही सोय, ओळखीचा असेल.

दोरी बसवायला फार खर्च येत नाही. खरी कसोटी दोरी ओढल्यानंतरच्या पहिल्या दहा सेकंदांची. टीम लीडर कपाळाला आठ्या घालून ‘आता काय झालं?’ म्हणत आला, की पुढच्या वेळी हात दोरीकडे जात नाही. म्हणूनच टोयोटाने नुमीचे टीम लीडर आणि ग्रुप लीडर मिळून शेकडो माणसं जपानमधल्या ताकाओका कारखान्यात पाठवली. चूक झाली तर तिथे कुणी अंगावर येत नाही, उलट चार माणसं मदतीला येतात, हे त्यांनी प्रत्यक्ष बघितलं. इकडे साहेबांची वेगळी जेवणाची खोली आणि राखीव पार्किंग गेलं. हे मला थोडं दिखाऊ वाटतं. पार्किंगने कुणाचं मन जिंकलं जात नाही. मन जिंकलं ते १९८७-८८ मध्ये. गाडी खपेना, कारखान्याची क्षमता ६० टक्क्यांच्याही खाली वापरली जात होती. युनियनशी केलेल्या करारात लिहिलं होतं की कामगार कमी करण्याआधी कंपनी इतर उपाय करेल, त्यात अधिकाऱ्यांच्या पगारातली कपातही आली. कंपनी शब्दाला जागली. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, सुधारणांच्या कामाला लावलं, पण कुणालाही घरी बसवलं नाही.

असं वागल्याने लोकांच्या डोक्यात नेमकं काय बदलतं, याचा धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. १९९० च्या दशकात हार्वर्डमधल्या एमी एडमंडसन अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा सरळ होती : जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीमच्याच नावावर जास्त चुका! मग त्यांनी एका सहकाऱ्याला, हे आकडे न सांगता, त्या विभागांमध्ये वावरून निरीक्षणं टिपायला लावलं. एका विभागाची प्रमुख नर्स स्वतः वॉर्डात कामाला उभी असे आणि चुका होणारच, त्या बोलून दाखवा, असं तिचं धोरण होतं. दुसऱ्या एका विभागात प्रमुख बाई सूट घालून दार लावून बोलणाऱ्या, आणि नर्सेसना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटे. पहिल्या विभागात चुका सांगितल्या जात होत्या, दुसऱ्यात गिळल्या जात होत्या. मोजमाप चुकांचं होत नव्हतंच, चुका कबूल करण्याच्या धैर्याचं होत होतं.

हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९९९ मध्ये एडमंडसन यांनी एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीम तपासून ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना नीट मांडली : इथे प्रश्न विचारला, चूक सांगितली, मदत मागितली तर आपली शोभा होणार नाही, हा टीममधल्या सगळ्यांचा समज. तो एकेकट्याच्या स्वभावावर कमी अवलंबून असतो. एकाच कंपनीत शेजारशेजारच्या दोन टीममध्ये तो वेगळा निघतो, आणि त्यात टीमच्या प्रमुखाच्या वागण्याचा वाटा मोठा असतो. ‘यथा राजा तथा प्रजा’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रजा राजाची नक्कल करते, असं आपल्या मनात असतं. इथे मात्र कुणी नक्कल करत नाही. वाईट बातमी आणणाऱ्याचं काय होतं, एवढंच लोक बघतात आणि त्याप्रमाणे पुढे तोंड उघडतात किंवा मिटतात.

जनरल मोटर्सला हे कळायला वेळ लागला. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइज कारखान्यातही टोयोटाची पद्धत आणायचा प्रयत्न झाला. टीम झाल्या, दोरी आली. पण साहेबांचं मोजमाप पूर्वीसारखंच, किती गाड्या बाहेर पडल्या यावर. लाइन थांबली की ते लालबुंद होत. कामगारांनाही नवी पद्धत म्हणजे माणसं कमी करण्याचा डाव वाटला. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला.

नुमीतही सगळं गोडगोड नव्हतं. अभ्यासक पॉल ॲडलर यांच्या नोंदीनुसार जुन्या फ्रीमाँटमध्ये कामगार मिनिटातले ४५ सेकंद काम करत असे, नुमीत ५७. युनियनच्या बाजूच्या टीकाकारांनी याला ताणाच्या जोरावर चाललेलं व्यवस्थापन म्हटलं, आणि ती टीका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दिवसभर ५७ सेकंदांच्या हिशेबाने वाकणाऱ्या पाठीला विचारून बघावं. तरी कंपनीच्या पाहणीत स्वतःला समाधानी म्हणवणारे १९८५ मध्ये ६५ टक्के होते, ते १९९१ मध्ये ९० टक्के झाले. पाहणी कंपनीची, म्हणून त्यातून थोडं वजा करा. पण जास्त राबणारी तीच माणसं रोज कामावर येत होती, हा आकडा हजेरीपटाचा आहे.