मिठाची तुरटी

शिवडीच्या जेटीवर रोहित पक्षी बघायला जमलेल्या गर्दीत कुणीतरी नाक मुरडतंच, "शी, काय घाण पाणी!" खाडीत सांडपाणी येतं हे खरंच, पण तो राखाडी रंग मुख्यतः मातीचा. आणि ही माती तिथे टिकते कशी, याचं मला पक्ष्यांहून जास्त नवल वाटतं.

कारण हिशेबाने ती टिकायलाच नको. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला संथ पाण्यात मीटरभर खाली जायला तीन दिवस लागतात. भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं ते जेमतेम अर्धा तास.

घरी करून बघा. गणपतीची उरलेली शाडू दोन ग्लास पाण्यात कालवा, एकात मोठा चमचाभर मीठ टाका. मिठाचा ग्लास आधी निवळतो. उजेडात धरलात तर मातीचे पुंजके खाली उतरताना दिसतील. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटतात. मिठाचे धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेले अतिसूक्ष्म कण, मातीच्या कणाभोवती दाटीने जमतात आणि त्या प्रभाराची पोच आखडते. (पाणी जितकं खारट तितकी ही पोच कमी, समुद्राच्या पाण्यात ती मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी भरते.) मग कण इतके जवळ येतात की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आल्यावरच जाणवणारी रेणूंमधली ओढ, त्यांना चिकटवून टाकतं. आजी हंड्यात तुरटी फिरवायची, तोही जवळपास हाच प्रकार. एकटा कण रेंगाळतो, पण मोठा पुंजका सेकंदाला मिलिमीटरभर उतरतो. मीटरभर पाणी पंधरा-वीस मिनिटांत पार!

समुद्र घेतलेलं परत करतो म्हणतात. चिखल मात्र तो थोडा बुडवतो. माती तरंगत ठेवायला लागतो त्याहून जास्त वेग ती तळातून उखडायला लागतो. घट्ट बसलेली चिकणमाती तर वाळूपेक्षाही चिवट, हे स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ फिलिप युल्स्ट्रॉम यांच्या १९३५ सालच्या आलेखात दिसतं. त्यात भर म्हणजे चिखलावरचे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, चिकट स्राव सोडून वरचा थर सांधतात.

उधाणाचं पाणी सर्वांत वर चढतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास. त्यात समुद्राचा कोप वगैरे काही नाही, सूर्य-चंद्र एका रेषेत येतात इतकंच. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तिथवर पोचत नाही आणि वर राहिलेला गाळ उन्हात आवळतो. तिवरांच्या कडेला त्याला तडे गेलेले दिसतात. तिथे पाय घोट्यापर्यंत रुततो. पाण्याच्या दिशेने आणखी पुढे गेलात, तर मांडीपर्यंत.