सरकी उगवते, तरी दरवर्षी नवं पाकीट कशाला?

मृग जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच जुना संदेश फिरायला लागतो: बीटी कपाशीचं, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीचं, बी वांझ असतं, कंपनीनं त्यात ‘टर्मिनेटर’ घातलाय, घरची सरकी पेरली तर उगवत नाही. साफ खोटं. बी वांझ करण्याच्या तंत्राला अमेरिकेत १९९८ साली पेटंट मिळालं हे खरं, पण त्यातून एकही वाण जगात कुठे बाजारात आलं नाही. शंका असेल तर जिनिंगमधून मूठभर सरकी आणून कुंडीत टाका. उगवेल.

मग शेतकरी दरवर्षी पाकीट का विकत घेतो? कारण ते बियाणं संकरित असतं, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं, आणि त्याचं घरचं बी पेरलं तर पुढच्या पिकात एकसारखेपणा राहत नाही. आणि ते संकरितच का, याचं उत्तर जीवशास्त्रात कमी आणि पैशाच्या हिशोबात जास्त सापडतं.

बीटीचं जनुक मातीतल्या एका जिवाणूचं. त्यातून बनणारं ‘क्राय १ एसी’ हे प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. हे काम सरळ वाणातही, म्हणजे संकर नसलेल्या आणि घरचं बी तसंच उतरणाऱ्या वाणातही, तितकंच चोख होतं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी सरळ वाणांतूनच पिकते. अमेरिकेतला शेतकरी बियाणं घेताना करारावर सही करतो की घरचं बी पेरणार नाही. मोडला करार तर कोर्ट. आपल्याकडे २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, पेरायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिला. त्यामुळे कायद्यात न बसलेलं कुलूप फुलात बसवलं गेलं.

बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बाया दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरतात, नखानं पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग त्या उघड्या कुक्षीवर फिरवतात. एकेक कळी अशी हातानं. एका बोंडातून वीस-पंचवीस बिया मिळतात आणि मजुरी स्वस्त, म्हणून हे परवडतं. हा धंदा बीटीच्या आधीपासूनचा. सुरतच्या संशोधन केंद्रातून १९७० मध्ये आलेला ‘एच-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. बद्रीनारायण बारवाले यांची जालन्याची महिको कंपनी संकरित बियाण्यांवरच वाढली होती. अमेरिकेच्या मॉन्सँटोनं तिच्याशी भागीदारी केली, मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि पुढे हे जनुक चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांना वापरायला दिलं गेलं. जनुक एकाचं, संकर दुसऱ्याचा, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक पाकिटामागे पहिल्याला शुल्क.

आता दहावीतला मेंडेल आठवा, कारण खरी गंमत इथे आहे. बीटी जनुक बहुधा नर-मादीपैकी एकाच वाणात असतं. त्यामुळे शेतातल्या प्रत्येक संकरित झाडात जनुकाची एकच प्रत. पान, पाती, बोंडाची साल, सगळीकडे विष तयार होतं. पण त्या झाडाचं फूल स्वतःच्या परागानं फळलं की बोंडातल्या बियांत वाटणी होते: सरासरी चारातल्या तीन बियांत जनुक, एकीत नाही. गुलाबी बोंडअळीचा सगळा जीव सरकीत. ती लहान असतानाच बोंडात शिरते, मागचं भोक बुजतं आणि आतल्या आत ती या बीमधून त्या बीत जाते.

अळीची प्रतिकारशक्ती बहुधा अप्रभावी गुण असते. म्हणजे त्या गुणाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेली अळी विष पचवते. एकच प्रत बदललेली अळी जबर मात्रेनं मरते. कडेला बिनबीटी कपाशी लावायला सांगतात ती यासाठीच: तिथल्या साध्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक अळ्यांची पिल्लं एकप्रती व्हावीत आणि बीटीवर मरावीत. पण बोंडातच बिनविषारी बी असेल तर ती एकप्रती अळी तेवढ्यावर तगते.

मार्च २०१० मध्ये मॉन्सँटोनंच जाहीर केलं की गुजरातेत गुलाबी अळी क्राय १ एसीला दाद देत नाही. तोवर दोन जनुकांची ‘बोलगार्ड २’ आली होती. तिचं दुसरं जनुक ‘क्राय २ एबी’. दोन्ही स्वतंत्रपणे वाटली गेली की ९:३:३:१, सोळा बियांत दोन्ही जनुकं असलेल्या नऊ, एकेकच असलेल्या तीन-तीन आणि एकही नसलेली एक. म्हणजे सोळातल्या एकाच बीत विष अजिबात नाही. कागदावर छान! पण पहिल्या विषाला अळी आधीच जुमानत नव्हती. ज्यात क्राय २ एबी नाही अशा बिया मोजा: तीन अधिक एक, सोळातल्या चार. पुन्हा चौथा हिस्सा. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली तर आत अळी, असं झालं.

दोष एकट्या संकराचा नाही. कडेला लावायला पाकिटासोबत आलेलं १२० ग्रॅम बिनबीटी बी न पेरताच राहिलं, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तसंच ठेवलेलं पीक, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहिली. शिवाय महाग बी म्हणून झाडं विरळ, विरळ म्हणून हंगाम लांब, आणि लांब हंगामात अळीच्या पिढ्या जास्त.

चीनमधली गोष्ट तर उलटीच. यांग्त्सी खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बी पेरलं. त्यात चौथा हिस्सा झाडंच पूर्ण बिनबीटी निघाली, त्यांवर साधे पतंग वाढले आणि अळीची प्रतिकारशक्ती ओसरली. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हेच बी आपल्याकडे ‘पेरू नका, उत्पन्न घटतं’ म्हणून बदनाम आहे. एकसारखेपणा जातो हे खरंही आहे.

सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांना होतं आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा. २००६ मध्ये आंध्र सरकारनं ते ७५० वर आणलं, बाकी राज्यंही त्याच वाटेनं गेली. २०१६ मध्ये केंद्रानं बोलगार्ड २ चं पाकीट ८०० ला आणि शुल्क ४९ रुपयांना बांधलं. २०२० मध्ये शुल्क शून्य केलं. जे जनुक गुलाबी अळीवर चालत नाही त्याचे पैसे का द्यायचे, हा सवाल मला रास्त वाटतो. पण नवं जनुक आणणाऱ्यानं यातून काय ओळखायचं तेही त्यानं ओळखलं. तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या बीटीचा परवानगी अर्ज २०१६ मध्येच मागे घेतला गेला.

बियाणं मात्र आलंच. गावोगाव त्याला चोरबीटी म्हणतात. पाकिटावर नाव भलतंच, पावती नाही, उगवलं नाही तर तक्रार करायला जागा नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरलं. निंदणीची मजुरी वाचते म्हणून त्याला मागणी आहे. गुलाबी अळीसाठी मात्र त्यात नवं काहीच नाही.