हुकूमशहाचा काटा

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आमचा सकाळचा कट्टा जमतो. फिरून झालं की चहा, आणि चहाबरोबर देशाचा कारभार. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेले एक सुभेदार त्यात असतात. बेळगावात असा एक तरी माणूस प्रत्येक कट्ट्यावर असतोच. परवा त्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. अमुक देशात निवडणुका नाहीत, विरोधक नाहीत, आणि प्रगती बघा कशी धावतेय, असा फॉरवर्ड.

"बघा वो, आपल्याकडं पण दहा वर्षं एकच माणूस डोक्यावर बसवायला पायजे. सुतासारखा सरळ होतोय देश. खरं ऐकतंय कोण?"

(लांबच्या वाचकांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

माझी सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून. प्रेशर गेज, व्हॅक्यूम गेज, बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणारी काच, हे माझं जग. राजकारणातलं मला फार कळतं असं नाही, खरं चांगलं चाललेलं यंत्र कशानं बिघडतं हे कळतं. हुकूमशाही चांगली की वाईट हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ती यंत्र म्हणून कशी चालते, एवढंच बघू.

घरावरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी चढलं की गोळा चढतो आणि नळ बंद करतो, पाणी उतरलं की गोळा उतरतो आणि नळ उघडतो. चूक जितकी मोठी, तितकी दुरुस्ती मोठी, आणि तीही चुकीच्या उलट दिशेनं. पुस्तकात याला ऋण प्रत्याभरण म्हणतात, आम्ही नुसतं फीडबॅक म्हणायचो. आपल्या अंगाचं तापमान, बॉयलरचा दाब, बाजारातला कांद्याचा भाव, सगळं याच तत्त्वावर सावरलं जातं. आता कल्पना करा, हा गोळा तुम्हाला घाबरतो. टाकी रिकामी आहे, पण तसं सांगितलं तर तुम्ही चिडाल म्हणून तो वरच चिकटून बसतो. "भरली आहे साहेब." नळ बंदच राहतो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा अंगाला साबण लागलेला असतो.

देशालाही असे गोळे लागतात: वर्तमानपत्र, न्यायालय, निवडणूक, जनगणना, बाजारभाव. सत्ता एका हाती घेणारा माणूस पहिल्या काही वर्षांत नेमके हेच काढून टाकतो. हा त्याचा मूर्खपणा नसतो. भिंतीवरचा काटा एकट्या मालकाला दिसत नाही, सगळ्या कामगारांना दिसतो. 'धान्य कमी आहे' ही बातमी राजवाड्याला उपयोगी असते, पण तीच चौकात पोचली की लोकांना कळतं, आपल्यासारखेच बाकीचेही वैतागलेले आहेत. तेवढं कळणं सत्तेला पुरेसं घातक असतं. मग चौकातला काटा फोडायचा आणि स्वतःपुरता गुप्त काटा बसवायचा. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस खात्यात 1989 साली सुमारे 91 हजार पगारी माणसं होती, वर पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. लोकसंख्या अवघी दीड-पावणेदोन कोटी. इतके कान असूनही त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली.

मोजणाऱ्याचं काय होतं, याचं उदाहरण सोव्हिएत जनगणनेचं आहे. जानेवारी 1937 मध्ये ती झाली आणि लोकसंख्या सुमारे 16 कोटी 20 लाख भरली. स्टालिननं तर 1933 च्या अखेरचाच आकडा 16 कोटी 80 लाख सांगितला होता. मधली माणसं दुष्काळात मेली होती. जनगणना दडपली गेली, तिचा प्रमुख क्वित्किन याला गोळी घातली गेली, आणि 1939 मध्ये नवी जनगणना झाली. तिच्यात 17 कोटी भरले. आकडा कोण मोजतो आणि कुणाच्या रकान्यात घालतो, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको.

आता माझ्या आवडीच्या भागाकडं येतो, पण आधी कारखान्यातली गोष्ट.

गाळप चालू असताना रोजचा साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली हे, काढावा लागतो. पोत्यात भरलेली साखर मोजता येते. पण पॅनमध्ये उकळणारा, क्रिस्टलायझरमध्ये फिरणारा, टाक्यांत साठलेला माल असतो, त्यात किती साखर आहे हे हिशेबानं धरावं लागतं. ही अंदाजाची जागा. मी होतो त्या एका कारखान्यात एक हंगामभर वरच्या साहेबांना साडेअकरा टक्के उतारा बघायची सवय लागली होती. कमी आला की सकाळची मीटिंग तापायची. मग लॅबवाल्यानं टाकीतला माल थोडा जास्त धरला. त्याच्या वरच्यानं त्यात आणखी थोडी भर घातली. कुणीच चोर नव्हता, प्रत्येकानं फक्त आपली मीटिंग वाचवली. हंगाम संपला, पॅन रिकामे झाले, टाक्या धुतल्या, आणि कागदावरची साखर गोदामात भरेना. चौकशी लागली. चोरी सापडली नाही, कारण ती साखर कधी झालीच नव्हती.

हेच चीनमध्ये एका अख्ख्या देशाच्या पोटाबाबत घडलं. 1958 साली माओची 'मोठी झेप' ही झटपट उत्पादनवाढीची मोहीम सुरू झाली. त्या वर्षी धान्य पिकलं साधारण 20 कोटी टन. जाहीर झालं 37.5 कोटी टन. हे अंतर कुणा एकानं खोटं बोलून पडतं का? कागद-पेन्सिल घ्या. उत्पादन पथकापासून आकडा निघतो तो ब्रिगेडकडं, मग कम्यूनकडं, मग तालुका, मग जिल्हा, मग प्रांत, मग बीजिंग. सहा उड्या. प्रत्येक उडीला वरच्याला खूश करायला फक्त 11 टक्के वाढवा. एकाला 1.11 नं सहा वेळा गुणलं की येतात 1.87. वीस कोटी गुणिले 1.87 म्हणजे 37.4 कोटी! प्रत्यक्षात फुगवणं असं समान नव्हतं, कुठं दुप्पट, कुठं दसपट होतं. अनेक शेतांतला भात उपटून एकाच शेतात दाटीनं लावून विक्रम दाखवत, अशा शेतांना तिथं 'स्पुटनिक' म्हणत. पण गणित समजून घ्या: प्रत्येकाचं पाप लहान असलं तरी गुणाकार भयंकर होतो. चक्रवाढ व्याज समजलेल्या माणसाला हे पटायला हरकत नाही.

पुढचा भाग थोडा जड आहे, पण माझा जीव त्यातच आहे. फीडबॅकमध्ये नुसता खोटा काटा पुरेसा वाईट, उशिरा हलणारा काटा त्याहून वाईट. दुरुस्ती चुकीच्या उलट दिशेनं जाते म्हणून यंत्र सावरतं. पण दोलनाच्या अर्ध्या फेऱ्याइतका उशीर झाला, तर दुरुस्ती पोचते तेव्हा चूक दुसऱ्या टोकाला गेलेली असते. मग तीच दुरुस्ती चुकीला धक्का देते, ऋणाचं धन होतं, आणि लाभांक (चुकीच्या किती पट दुरुस्ती होते तो आकडा) एकाहून जास्त असला तर प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा येतो. गीझरच्या नळाखाली एकदा भाजून घेतलेल्याला समीकरणाची गरज नाही.

चीनमध्ये धान्य उदंड आहे असं कागद म्हणत होता, म्हणून 1959 मध्ये पेरणीचं क्षेत्र कमी केलं. पीक उतरून 17 कोटी टनांवर आलं. सरकारी उचल मात्र फुगलेल्या कागदावर बेतलेली, त्यामुळं पिकाच्या साधारण 40 टक्के धान्य सरकारनं उचललं. त्याच वर्षी 40 लाख टनांहून जास्त धान्य परदेशी विकलं. चिमण्या पिकं खातात म्हणून त्यांना मारण्याची मोहीम तर आधीच झालेली, किडी मोकळ्या सुटल्या. 1960 मध्ये पीक साडेचौदा कोटींच्याही खाली. भुकेनं मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. जुलै 1959 मध्ये संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी लुशानच्या बैठकीत माओला पत्र लिहून काटा चुकतोय असं सांगितलं होतं. सप्टेंबरपर्यंत त्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर 'भरली आहे साहेब' म्हणणारेच उरले.

बाकीच्या युक्त्या जगभर सारख्याच. हुशार सेनापतीपेक्षा निष्ठावान सेनापती सुरक्षित, म्हणून स्टालिननं पाचपैकी तीन मार्शल संपवले, आणि 1941 साली जर्मनी चढाई करणार असल्याच्या सूचना आल्या तेव्हा त्या खोट्या मानल्या. खजिना सगळ्या जनतेवर उधळण्यापेक्षा बंदूक हातात असलेल्या थोड्यांना स्वस्त डॉलर, परवाने आणि जमिनी देणं परवडतं. भाव वाढले की भावालाच अटक करायची. झिंबाब्वेत जून 2007 मध्ये दुकानदारांना किमती निम्म्या करायला लावल्या, थोड्याच दिवसांत फळ्या मोकळ्या झाल्या. भाव हाही एक काटाच. तो दाबून धरला म्हणून दाब कमी होत नाही.

आणि जिथं काटाच नाही तिथं ज्योतिषी शिरतो. ब्रह्मदेशचा हुकूमशहा ने विन याला नऊ हा आकडा शुभ वाटायचा. सप्टेंबर 1987 मध्ये त्यानं 25, 35 आणि 75 च्या नोटा मोबदला न देता रद्द केल्या आणि 45 व 90 च्या नोटा आणल्या, का तर नऊनं भाग जातो! लोकांची आयुष्यभराची बचत एका दिवसात रद्दी झाली. पुढच्याच वर्षी देश रस्त्यावर उतरला आणि जुलैत त्याला पक्षाध्यक्षपद सोडावं लागलं. शुभांक बघून गाडीचा नंबर घेणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींचं नुकसान निदान त्यांच्या खिशापुरतं असतं.

"पण कोरियानं केलंच की," असं सुभेदार म्हणणार, हे मला माहीत होतं. खरं आहे. पार्क चुंग-ही 1961 ते 1979 हुकूमशहाच होता आणि त्याच काळात, 1964 ते 1977 मध्ये, दक्षिण कोरियाची निर्यात 10 कोटी डॉलरवरून 1,000 कोटींवर गेली. पण त्यानं कारखानदारांना मोजलं ते निर्यातीवर. निर्यातीचा आकडा फुगवणं अवघड, कारण पलीकडं पैसे मोजणारा परदेशी गिऱ्हाईक त्याला घाबरत नाही. एक काटा भीतीच्या बाहेर होता. राजकारणात असा काटा नव्हता. 26 ऑक्टोबर 1979 ला पार्कला त्याच्याच गुप्तचर प्रमुखानं जेवणाच्या टेबलावर गोळी घातली.

आता भीतीच्या बाहेरचा दुसरा एक काटा आला आहे, तोही आकाशात. अमेरिकेचे हवामान उपग्रह रात्री जमिनीवरचे दिवे टिपतात. 1992 पासूनचे अंकीय आकडे सगळ्यांना मोकळे आहेत. साधारण एक किलोमीटरचा एक चौकोन, त्याला 0 ते 63 असा उजेडाचा गुण. आमच्या भागात निपाणीपासून धारवाडपर्यंत पुणे-बंगळूर हायवे उजेडाच्या माळेसारखा दिसतो. दिवे आणि उत्पन्न साधारण हातात हात घालून वाढतात. लुईस मार्टिनेझ या अर्थशास्त्रज्ञानं 184 देशांचे दिवे त्यांच्या सरकारी विकासदराशी ताडून पाहिले. 2022 साली छापलेला त्याचा निष्कर्ष: हुकूमशाही राजवटी वार्षिक वाढ सुमारे 35 टक्क्यांनी फुगवतात. म्हणजे कागदावर पाच टक्के असेल तर खरी धरायची पावणेचारच्या आत. या काट्यालाही दोष आहेत. मोठ्या शहरात गुण 63 ला अडकतो, आणि 2011 साली वर गेलेल्या नव्या उपग्रहाच्या डोळ्याला एलईडीचा निळा उजेड नीट दिसत नाही. दोष असलेला काटा चालतो, दोष माहीत असला की दुरुस्ती करून वाचता येतो. खोटं बोलणाऱ्या काट्याला दुरुस्तीचा तक्ता नसतो.

हे सगळं मी सुभेदारांना दोन सकाळी मिळून सांगितलं. गोळ्यापर्यंत ते ऐकत होते, लाभांकाला त्यांनी दुसरा चहा मागवला. शेवटी म्हणाले, "ते सगळं बरोबर वो. खरं माणूस चांगला बघून बसवला तर?"

मी विचारलं, "यंदा ऊस तुटला काय तुमचा?"

"गेला की मागच्या आठवड्यात. दोन ट्रॉल्या."

"कारखान्यावर नेण्याआधी बाहेरच्या काट्यावर घातला होता?"

"मग? न घालता कोण नेतंय? काटा मारतात की."

"चेअरमन तर तुमच्याच पाहुण्यातला म्हणे. चांगला माणूस."

सुभेदारांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "माणूस चांगलाच हाय," ते म्हणाले, "खरं वजन ते वजन."