पिचरचे सरावाचे चेंडू : वेळ आणि खांद्याची जुनी ओढाताण

बेसबॉलमध्ये इनिंग (खेळाचा एक डाव) सुरू होण्याआधी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, माउंडवरून (मैदानातल्या छोट्या उंचवट्यावरून) कॅचरकडे, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याकडे, काही चेंडू टाकून हात मोकळा करतो. बघणाऱ्याला हा वेळ रिकामा वाटतो, पण शंभराहून जास्त वर्षं नियम करणाऱ्यांचा डोळा याच वेळेवर आहे.

आधी राखीव पिचरने गरम होण्याचा, म्हणजे सरावाचे चेंडू टाकून हात तयार करण्याचा, प्रश्न फारसा यायचाच नाही. १८९१ पर्यंत खेळाडू बदलण्यावर कडक बंधनं होती. ती उठल्यावरही सुरुवात करणारा पिचरच बहुधा सामना संपवायचा. १९०४ मध्ये बोस्टनच्या पिचरांनी १५७ पैकी १४८ सामने एकहाती पूर्ण केले.

१९११ मध्ये अमेरिकन लीग या बेसबॉल स्पर्धेचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी सामने लवकर संपावेत म्हणून दोन इनिंगच्या मधले सरावाचे चेंडूच बंद केले. मग २७ जूनला बोस्टनमध्ये जे व्हायचं तेच झालं. बोस्टनचा एड कार्गर हात मोकळा करायला सहज चेंडू टाकत होता, त्याचे आउटफिल्डर (लांबचे क्षेत्ररक्षक) अजून जागेवर पोचायचे होते. फिलाडेल्फियाचा स्टफी मॅकइनिस झटकन पुढे झाला आणि त्याने तो चेंडू फटकावला. चेंडू मोकळ्या मैदानात गेला आणि मॅकइनिस सगळे बेस (धावण्याचे टप्पे) धावून होम प्लेटवर, म्हणजे जिथून फटका मारला तिथे, परतला. सराव मान्यच नाही म्हटल्यावर तो चेंडूही खेळातलाच! होमरन (अशी पूर्ण फेरीची धाव) ग्राह्य धरली गेली, बोस्टनची तक्रार फेटाळली गेली आणि थोड्याच काळात नियमही मागे घेतला गेला. मॅकइनिसला दोष देण्यात अर्थ नाही, नियमच अविचारी होता.

पुढे आठ चेंडू आणि एक मिनिट ही मर्यादा रूढ झाली. त्या वेळात खेळ थांबलेला असतो. पिचर अचानक जखमी झाला, तर बदली पिचरला अंपायर गरजेनुसार हवे तेवढे चेंडू देतो. सगळ्या नियमांत मला हे कलम सर्वात शहाणपणाचं वाटतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आता आठचा आकडा राहिला नाही, सरावाची वेळ मोजणारं घड्याळ मात्र आलं. २०२४ पासून तर इनिंगच्या सुरुवातीला सरावासाठी माउंडवर आलेल्या पिचरला किमान एका बॅटरसमोर टाकावंच लागतं.

बाकीचं रीतीवर चालतं. पिचर ग्लव्हच्या इशाऱ्याने पुढचा चेंडू फास्टबॉल (वेगवान) की कर्व्ह (वळणारा) ते कॅचरला सांगतो. शेवटचा चेंडू कॅचर दुसऱ्या बेसवर फेकतो. बॅटरने प्लेटजवळ येऊन चेंडूचा वेग जोखायचा नाही, लांबच थांबायचं.

बुलपेन (राखीव पिचरांची सरावाची जागा) डगआउटपासून (संघ बसतो त्या जागेपासून) दूर, त्यामुळे तिथला निरोप फोनवर जातो. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेतल्या) पाचव्या सामन्यात कार्डिनल्स संघाचे मॅनेजर टोनी ला रुसा यांना राखीव पिचर जेसन मोट तयार हवा होता. टेक्सासच्या प्रेक्षकांच्या गोंगाटात नाव नीट ऐकू गेलं नाही. मोट गरम झालाच नाही, आणि ज्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची होती तो लान्स लिन माउंडवर आला. ला रुसांनी त्याच्याकडून एक जाणूनबुजून वॉक (बॅटरला फुकट पहिला बेस) देववला आणि तेवढ्या वेळात मोटला तयार केलं.

राखीव पिचरला पुन्हा पुन्हा उठवून गरम करायचं आणि आणायचंच नाही, हे चांगला मॅनेजर टाळतो. बुलपेनमधले ते चेंडू सामन्याच्या आकड्यांत धरले जात नाहीत, पण खांद्यावर त्यांचा भार पडतोच. त्यावर नियम नाही. पिचरची काळजी असलेला मॅनेजर आणि कोच हे चेंडू स्वतःच मोजतात.