शोध दडपायला कोण भागीदारी करतं?

वास्कोत गोवा शिपयार्डच्या आसपास चहाच्या टेबलावर एक गोष्ट हमखास ऐकू येते: मोठ्या संरक्षण कंपन्या बॅटरी किंवा इंधनपेशी (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं उपकरण) बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांशी करार करतात, ते शोध दडपून टाकायला. म्हणजे तेलाचा धंदा चालू राहतो! गोष्ट चटपटीत आहे, पण हिशेब उलटा आहे.

सैन्य हे तेलाचं गिऱ्हाईक, आणि त्याला तेल फार महाग पडतं. अमेरिकी लष्कराच्या 2009 च्या अभ्यासानुसार अफगाणिस्तानात इंधनाच्या दर 24 ताफ्यांमागे एक जण ठार किंवा जखमी होत होता. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला हवेसाठी वर यावं लागतं, आणि तिथेच ती शत्रूला सापडते. कमी इंधनात चालणारी वस्तू इथे हातोहात खपते.

मग मोठ्यांनी ती स्वतःच का बनवू नये? रसायनातलं कसब छोट्यांकडे असतं. मोठ्यांकडे चाचण्या, प्रमाणपत्रं आणि वर्षानुवर्षं पैसे अडकले तरी तग धरायची ताकद. शिवाय भारताचे ऑफसेट नियम आहेत, म्हणजे शस्त्रं विकणाऱ्या परदेशी कंपनीने कराराच्या रकमेचा काही भाग भारतातच गुंतवायचा. 2012 च्या या नियमांत लघुउद्योगाकडून घेतलेल्या कामाला दीडपट श्रेय मिळत होतं. थोडा स्वार्थ आहेच.

काही भागीदाऱ्या बुडतात, हे खरं. अमेरिकेची बडी संरक्षण कंपनी लॉकहीड मार्टिन आणि लाटांपासून वीज बनवणारी छोटी कंपनी ओशन पॉवर टेक्नॉलॉजीज यांचा ऑस्ट्रेलियातला लाटांपासून विजेचा प्रकल्प 2014 मध्ये गुंडाळला गेला. कारण साधं होतं: खर्च परवडेना.